गोंगाटाचा प्रोग्राम

कानाचं मशीन लावून घरी आले आणि पहिल्यांदा ऐकू काय आलं, तर माझ्याच चपला. मी घरात इतकी फटाफटा चालते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग नळ ऐकू आला, फ्रिज ऐकू आला. वरच्या मजल्यावरच्या बाई खुर्ची उचलत नाहीत, ओढतात, तेही कळलं. गेली काही वर्षं सगळं जग माझ्याशी तोंडावर हात ठेवून बोलत होतं, ते एकदम मोकळं बोलायला लागलं. मी खूश झाले. कपाटातून ‘पत्रा’ काढली, टेपरेकॉर्डरमध्ये घातली, बटण दाबलं आणि खुर्चीत ऐसपैस बसले.

‘पत्रा’ ही माझी कॅसेट. चार पोरापोरींनी कधीकाळी एका गोदामात बसून केलेली. त्यांनी पुढे दुसरी काही केली नाही, आणि ही ऐकून बहुतेकांना वाटतं की बरं झालं. पहिलं गाणं सुरू होताच माणसं विचारतात, टेप खराब आहे का? टेप ठणठणीत आहे. ते तसंच आहे. ढोल फुटक्या डब्यासारखा, गिटार करवतीसारखं, आणि गाणारी मुलगी सुरात आहे की रागात, हे शेवटपर्यंत नक्की होत नाही. दुसऱ्या गाण्यात बाहेर कुठलातरी ट्रक मागे येतो, त्याचा आवाजही टेपमध्ये आला आहे. माझा मोठा भाऊ, दादा, म्हणायचा, “भीक नको पण कुत्रा आवर, बाई, बंद कर ते.” मी उलट आवाज वाढवायचे.

तर त्या दिवशी पहिला दणका आला आणि लगेच कुणीतरी वरून गादी टाकल्यासारखं झालं. गिटार वर यायला लागलं की मशीन त्याला खाली दाबायचं. मुलगी ओरडली की तिचा आवाज मध्येच कापला जायचा. लांब सुरावर तर गिटारऐवजी नुसतं कुईकुई ऐकू यायला लागलं. मशीन काढून पाहिलं, तर भिंतीपलीकडची ढबढब. म्हणजे लावलं तरी नाही आणि काढलं तरी नाही. माझी एवढी एक कॅसेट या जन्मात मला परत ऐकता येणार नाही, हे त्या खुर्चीत मला समजलं. साठी उलटलेल्या बाईने कॅसेटपायी रडावं का, असं कुणाला वाटेल तर वाटो. मी रडले.

मशीन मला बसवलं होतं माझ्या भाचीनेच. दादाची धाकटी मुलगी, घरात सगळे तिला बारकी म्हणतात, अजूनही, दोन मुलांची आई झाली तरी. कान तपासायचा तिचा व्यवसाय आहे. काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की बटण दाबायला लावायचं, आणि मग कागदावर उतरणारी रेघ बघून सांगायचं की तुमचं काय गेलं आणि काय उरलं. माझी रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे जिन्यावरून घसरली होती. बारकी तेव्हा म्हणाली होती, “बारीक, उंच आवाज गेलेत आत्या. कारखान्याने खाल्ले.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले की मशीन कानाला टोचतंय. तिने कान पाहिला, मशीन पाहिलं, मला पाहिलं.

“ताकाला येऊन भांडं का लपवतेस? काय झालं?”

मग मी सांगितलं. ती हसली. वाईट हसली नाही, पण हसली.

“अगं, मशीन त्याचं काम करतंय. बोलणं पुढे आणायचं आणि गोंगाट मागे ढकलायचा, हेच तर त्याला शिकवलंय.”

“तो गोंगाट नाही. गाणं आहे.”

“आत्या, मी लहानपणापासून ऐकत आलेय. तो गोंगाट आहे.”

तरी पोरगी मनाने चांगली. “कॅसेट दे, बघते काय करता येतं,” म्हणाली. मी दिली. ‘पत्रा’ मी कुणाच्या हातात देत नाही, पण हिला अंगाखांद्यावर खेळवलं आहे, हिला नाही म्हणणार तरी कसं?

आठवड्याने ती घरीच आली, अगदी फुलून. कुणा ओळखीच्याकडून तिने गाणी कॉम्प्युटरवर चढवून घेतली होती आणि रोज काम संपल्यावर बसून ती धुऊन-पुसून काढली होती. खरखर काढली, घरघर काढली, ट्रक काढला. आता फोनवरून थेट माझ्या मशीनमध्ये येतील म्हणाली. मी डोळे मिटून बसले.

आली. एकेक शब्द कळत होता. इतक्या वर्षांत मला कधी न कळलेली एक ओळ कळली, आणि ती खिडकीच्या कडीबद्दल होती. गिटार वाजवणारा पोरगा मध्ये मध्ये चुकतो, तेही कळलं. आणि ती मुलगी! ती मुलगी घाबरलेली होती. बारीक आवाजाची, पाहुण्यांपुढे उभं करून गायला लावलेली कुणीतरी मुलगी. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. बारकी माझ्या तोंडाकडे शाबासकीसाठी बघत होती, आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, “बारके, तू माझी गाणी मारलीस.”

तिने पर्स उचलली, दारापर्यंत गेली. चपला घातल्या. आता ही जाणार आणि महिनाभर फोन करणार नाही, असं मी धरून चालले. पण ती चपला घालून तशीच वळली. चिडली होती.

“मग तुला त्यात ऐकायचं काय असतं, ते तरी सांग. आमच्या घरात तीस वर्षं सगळ्यांनी थट्टा केली, मीही केली. आज विचारतेय. सांग.”

खरंच, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. बंद कर म्हणाले, वेडी म्हणाले, गाढवाला गुळाची चव काय म्हणाले. पण काय ऐकतेस, हे नाही.  मी तिला म्हटलं, आधी बस.

मग सांगितलं. ताडपत्री शिवायच्या कारखान्यात मी लागले तेव्हा तिच्या आताच्या वयापेक्षा लहान होते. वर पत्रा, खाली ओळीने जाड कापडाची मशीनं, आणि दिवसभर असा आवाज की शेजारणीला दोरा मागायचा तर खुणेने मागायचा. संध्याकाळी घरी आलं तरी कानात तो चालूच. तेव्हा रेडिओवर जी गाणी लागायची ती छान असायची, नाही असं नाही. पण ती मला दुसऱ्याच्या घरातली वाटायची, जिथे आत जाण्याआधी आपण पाय नीट पुसतो. मग शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीने ही कॅसेट दिली. तिचा मावसभाऊ त्यात ढोल बडवतो. गोदामात झाडूच्या दांड्याला एकच माईक बांधला आणि सगळे एकदम सुटले, असं ती सांगायची.

“मी लावली, आणि बारके, तोच आवाज. आमचाच. आणि त्या आवाजात एक मुलगी आहे, आणि ती बुडत नाही. सगळं तिच्या अंगावर येतंय, तिचं कुणाला ऐकू जात नाहीये, तरी ती बोलायची थांबत नाही. मी सकाळी ते ऐकून कामावर जायचे. तू गोंगाट काढून टाकलास. मग ती ओरडते कुणावर?”

बारकी बराच वेळ चपलांकडे बघत होती. घरात चपला घालून बसल्याचं तिच्या लक्षात आलं असावं. तिने त्या काढल्या.

“म्हणजे मला सगळं उलटं करावं लागेल,” ती म्हणाली. “मला जे करू नको म्हणून शिकवलंय ते.”

रविवारी तिचं दुकान बंद असतं. शटर अर्धं खाली ओढून आम्ही दोघी आत बसलो. आधीच तिने माझ्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला होता आणि त्यावरून घट्ट बसणारे नवे तुकडे करून आणले होते. हवा जायला फट राहिली की मशीन शिट्टी मारतं म्हणे. टेबलावर माझा टेपरेकॉर्डर. तिच्याकडे एक नळी होती, डॉक्टरांच्या नळीसारखीच. माझ्या दोन कानांतली दोन सोडून एक तिसरं मशीन तिने माझ्या मशीनसारखंच लावून घेतलं आणि नळीच्या टोकाला जोडलं. म्हणजे मला जे पाठवलं जातंय ते तिलाही ऐकू येणार. त्याला इलाज नव्हता. न ऐकता ते काम होण्यासारखं नव्हतं.

“लाव,” ती म्हणाली, दात काढायला बसल्यासारखी.

मग एकेक गोष्ट ती काढत गेली. गोंगाट दाबणारं बंद केलं. ट्रक आला! मी टाळी वाजवली. मोठ्या-बारीक आवाजांना एका मापात बसवणारं सैल केलं, तर ढोल अंगावर आला. गिटारचं कुईकुई मात्र जाईना. बारकी कॉम्प्युटरकडे बघत पुटपुटत होती, आणि एकदम हसायला लागली.

“अगं, मशीनला वाटतंय तेच शिट्टी मारतंय! गिटार किंचाळलं की याला वाटतं, अरे बापरे, मीच किंचाळतोय, आणि ते स्वतःचं तोंड दाबून घेतं.”

“त्याला सांग, तू नव्हेस. तो पोरगा आहे.”

तिने सांगितलं, म्हणजे तेही बंद केलं. आणि गिटार करवतीसारखं आरपार गेलं. काय सांगू! मी खुर्चीचे हात धरले. ती मुलगी परत आली होती, त्या सगळ्याच्या मधोमध, रागात, न बुडता. मी बारकीला खूण केली, अजून मोठा कर.

“नाही,” तिने नळी काढून ठणकावलं. “वरची मर्यादा मी काढणार नाही. उरलाय तेवढा कान मला ठेवायचाय.”

“अगं, थोडा.”

“आत्या, नाही म्हणजे नाही.”

मी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज कुणी कमी ठेवला आणि मला राग आला नाही. कॉम्प्युटरने या प्रोग्रामला नाव विचारलं, तेव्हा तिने ‘गोंगाट’ असं टाईप केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, असू दे.

मग आम्ही पूर्ण बाजू ऐकली. ती सारखी भुवया आक्रसत होती. तिला आवडलं असं मी म्हणणार नाही. पण खिडकीच्या कडीच्या ओळीला ती पुढे वाकली. मला वाटलं, ही चार पोरं कुठे असतील कोण जाणे, म्हातारी झाली असतील, आपण काहीतरी वाईट वाजवून गेलो अशी त्यांची समजूत असेल. कुणी भेटलं तर सांगेन की तुमच्या त्या एका दुपारवर मी कितीतरी वर्षं काढली. बाई माणूस असून एकटी राहिले, कुणापुढे वाकले नाही, त्यात तुमचा वाटा आहे. देवाचे मानते तसेच तुमचे उपकार मानते.

शेवटचं गाणं संपलं. मी म्हटलं, “झालं, बंद कर.”

बारकीने हात वर केला. “थांब. संपलं नाही.”

तेव्हा मला आठवलं. शेवटी ते लोक टेप बंद करायला विसरले होते. गाणं झाल्यावरही ती चालूच राहते, आणि त्यात काही नाही, नुसतं ते रिकामं गोदाम आणि टेपची सळसळ. चांगला डोळा होता तेव्हा मी ताडपत्रीची शिवण बघायचे, तशी ती सळसळ मी कान देऊन ऐकायचे. सगळं ओरडून झाल्यावरची ती शांतता मला फार आवडायची. आता तिथे काहीच नव्हतं.

“मला येत नाही ऐकू,” मी म्हणाले.

तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं, काहीतरी वाढवलं, परत वाढवलं. मग हात मांडीवर ठेवले.

“कानाचा तो भाग गेला, आत्या. मशीनने आवाज पाठवला तरी तिथे घ्यायला कुणी नाही. हे मला करता येणार नाही.” तिचे डोळे भरले होते. गोंगाट घालवून पोट भरणारी ही बाई माझ्या सळसळीसाठी रडत होती.

“चालू आहे का अजून?”

“आहे.”

“कशी आहे?”

तिने नळी गळ्यातून काढली. खुर्ची पुढे ओढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड अगदी माझ्या कानाजवळ आणलं. श्श्श करत राहिली. श्वास संपला की घ्यायची आणि पुन्हा करायची. मला ऐकू काहीच येत नव्हतं, गालावर तिचा श्वास मात्र लागत होता. टेपरेकॉर्डरचं बटण खट्कन वर येईपर्यंत मी तिचा हात धरून बसले, आणि तोवर ती थांबली नाही.