वाचणारीची जागा

शर्टांना बटणं लावायच्या आमच्या खोलीत मशीनचा आवाज नसतो. म्हणून एकीने मोठ्याने पुस्तक वाचायचं आणि तिच्या वाट्याचे शर्ट बाकीच्यांनी उरकायचे, अशी आमची रीत आहे. पुढचं पुस्तकही वाचणारीच निवडते. नऊ वर्षं ती वाचणारी मी होते. मग माझा घसा बसला आणि आठवड्यापुरतं पुस्तक मी नव्याने कामाला लागलेल्या चष्मेवालीच्या हातात दिलं. हात दाखवून अवलक्षण! घसा मोकळा झाला, पण पुस्तक काही परत आलं नाही. "ताई, तुम्ही आता आराम करा," म्हणे. मी काय म्हातारी झाले? वर पुढचं पुस्तकही तिनेच निवडलं, खुनाचं. त्यातल्या आजोबांचा खोकलासुद्धा ती खोकून दाखवायची. बाया माना डोलवायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी मी तेच पुस्तक वाचनालयातून आणलं, रविवारी संपवलं आणि सोमवारी तिने तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "खून बहिणीने केलाय."

चष्मेवालीने पुस्तक मिटलं. "मग ताई, पुढचं कोणतं घेऊ? तुम्हीच सांगा."

मी काही बोलणार, तोच सगळ्या ओरडल्या, "अगं, हेच वाच! शेवट कळला म्हणून काय झालं?"

दुपारी ती वाचत वाचत बहिणीच्या कबुलीपाशी आली आणि माझी सुई थांबली. ते पान मी कालच वाचलं होतं. तेव्हा त्यात कोणी रडत नव्हतं.