तीन दिवस आधी

सोमवारी दुपारी सिपोरा आंघोळ करून बाहेर आली, तर दाराची कडी उघडी.

कडी तिने स्वतः लावली होती. लावून, ओढून पाहिली होती, आणि बाथरूमपर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा ओढून पाहिली होती. गॅस बंद आहे का हे तीनदा बघणारी बाई ती. तिचा नवरा रूबेन चेष्टा करायचा, की हिच्या ताब्यात विमानतळ दिला तर एक विमान उडायचं नाही. जूनच्या त्या आठवड्यात युद्धामुळे विमानतळ खरंच बंद-चालू होत होता, आणि चेष्टा करायला रूबेन घरी नव्हता. तो कामाला होता त्या झल्लाकच्या हॉटेलात पाहुणे अडकले होते, निम्मा स्टाफ पोचू शकत नव्हता. जे होते त्यांना मॅनेजरने चार दिवसांपासून तिथेच ठेवून घेतलं होतं.

पाच वर्षांची शेबा हॉलमध्ये फरशीवर रंग भरत बसली होती.

"कोण आलं होतं गं?"

"नोबडी," शेबा मान वर न करता म्हणाली.

आखाती शहरातल्या गुदैबिया वस्तीतली जुनी इमारत. सैल झाली असेल कडी. सिपोराने लावून, हलवून पाहिली. सैल नव्हती. अंगठ्याने जोर दिल्याशिवाय सरकत नव्हती. ज्यू घराची खूण म्हणून दाराबाहेर असायची ती मेझुझा, प्रार्थनेचा कागद ठेवलेली बोटभर डबी, रूबेनने जाण्याआधी काढून चौकटीच्या आतल्या बाजूला लावली होती. "उगाच कुणाला दिसायला नको," एवढंच म्हणाला होता. तिथे बाहेर दोन स्क्रूंची भोकं उरली होती.

स्वयंपाकघरात फोन वाजला. इस्रायलमधल्या अशदोदहून सॅमसनचा, तिच्या मोठ्या भावाचा, व्हॉइस मेसेज. तिथे सायरन झाला की तो तळघरात उतरायचा आणि तिथूनच बोलायचा. त्याच्या मागे मुलं रडत असायची, कोणी खोकत असायचं, आणि हा मात्र रब्बीकडे ऐकून आलेलं आपल्या अलिबागच्या मराठीत सावकाश सांगायचा.

"बाय, ऐक. फारस आणि अरबस्तान यांची जुंपली की समजायचं दिवस भरले. आमच्या रब्बीने अक्षरांचे आकडे मांडून दाखवले, सगळं जुळतंय. तू तर बरोब्बर दोघांच्या मधे बसलीयेस. पण भिऊ नको. पांगलेले सगळे एका जागी जमतील. सगळे."

सिपोरा पोळ्या लाटत होती, हात पिठाचे, म्हणून मेसेज मोठ्याने लावलेला. रोज तसाच लावायची. शेबा इंग्रजीत बोलते म्हणजे असलं जड मराठी तिच्या डोक्यावरून जातं, असं ती धरून चालली होती.

सिपोरा स्टॅटिस्टिक्स शिकलेली. खुणा शोधत बसलं की खुणा सापडतातच, हे तिला पाठ होतं. तरी शेबाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर तिने दोन रकाने आखले होते: डावीकडे सॅमसनने सांगितलेली खूण, उजवीकडे ती घडल्याची तारीख. अकरापैकी सात ठिकाणी तारीख होती. माणूस असाच फसतो हे कळत होतं, आणि कळत असताना ती लिहीत होती.

एक खूण मात्र तिने वहीत लिहिली नव्हती. ती सॅमसनची नव्हतीच, लहानपणापासूनची होती. मसीहाच्या तीन दिवस आधी संदेष्टा एलियाहू हन्नाबी येतो. इतरांचे संदेष्टे पुस्तकांत असतात. यांचा, कोकणातल्या इस्रायली ज्यूंचा, अलिबाग तालुक्यात येऊन गेलेला. तिथल्या खंडाळा गावच्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे म्हणतात, तिच्यावर सिपोराने सात वर्षांची असताना तळवा टेकवला होता. भर पावसाळ्यात तो दगड गरम लागला होता. आई म्हणाली होती, तुला वाटलं असेल. पेसाहच्या सणाला त्याच्यासाठी दार उघडं ठेवतात, तेव्हा सिपोरा दाराकडे पाठ करून बसायची.

मंगळवारी दुपारी कडी पुन्हा उघडी होती.

बुधवारी सकाळी समोरची नसीबा चहाला आली. नसीबा मुरुडची, हिच्याच जिल्ह्यातली. नवसाच्या मलीद्याचे गोड पोहे लहानपणी शेजारच्या इस्रायली घरातून खाल्लेले, त्यामुळे सिपोराला ती पहिल्या दिवसापासून घरचीच समजायची.

"तोंड बघ तुझा. झोपतेस का नाय?"

सिपोराने कडीचं सांगितलं, मग सॅमसनचं, मग तीन दिवसांचं. आज तिसरा.

"आमच्यात पण हाय की कयामत," नसीबा म्हणाली. "म्हणून मी सिलिंडर सांगायचा थांबवू? रूबेनने किल्ली दिली असेल कोणाला."

"किल्लीने कडी उघडत नाही. ती आतून लागते, नसीबा. आतूनच उघडते."

नसीबाने कप तोंडाशी नेला होता तो खाली ठेवला. दोघींनी दाराकडे पाहिलं.

"मी घरातच हाय," जाताना नसीबा म्हणाली. "हाक मार."

त्या दिवशी सिपोराने आंघोळ टाळली. जेवणाच्या खुर्चीवर, दारासमोर, अडीचपर्यंत बसून राहिली. शेबा झोपली होती. अडीचला फोन वाजला. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. चार मिनिटांचा मेसेज. उभ्याउभ्या तिने ऐकला. सॅमसनचा आवाज आज बसलेला होता. "आता फार नाही राहिलं, बाय. कान उघडे ठेव."

ती बाहेर आली. दार सताड उघडं होतं आणि जिन्यातली गरम हवा घरात शिरत होती. शेबाचा पलंग रिकामा होता.

तिच्या हाकेसरशी नसीबा खाली धावली, सिपोरा वर. तिसऱ्या मजल्यावर तिला कळलं की आपण अनवाणी आहोत. गच्चीचं लोखंडी दार किलकिलं होतं. बाहेर पाऊल टाकलं आणि तळवे भाजले. टाक्या, डिश, आणि पांढरं ऊन, ज्यात डोळा ठरत नव्हता.

टाकीच्या हातभर सावलीत शेबा बसली होती. पेसाहचा पांढरा फ्रॉक, पायांत बूट, शेजारी शाळेची पाण्याची बाटली. चेहरा लालबुंद.

"ओरडू नको, आई," ती इंग्रजीत हळूच म्हणाली. "एलियाहू वरून येणार ना. दारातून नाही आला. पेसाहसारखं मी रोज उघडलं. स्टूल परत ठेवलं, कारण तुला पसारा आवडत नाही."

सिपोरा तिथेच, तापलेल्या सिमेंटवर, तिच्यासमोर बसली.

"कशाला, बाळा? कशाला उघडलंस?"

शेबाने तिच्याकडे पाहिलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मराठीत बोलली. शब्द तिचे नव्हते. सॅमसनचे होते, त्याच्याच ठेक्यात, तळघरातल्या त्या थांबून थांबून बोलण्यासकट. "पांगलेले सगळे एका जागी जमतील. सगळे." मग तिची भाषा परत आली. "पपा ऑल्सो. अलिबाग आजी ऑल्सो."

आठ दिवस हा आवाज घरात बोलत होता. सिपोराने त्यातून भीती तेवढी घेतली होती.

धापा टाकत नसीबा वर आली. आधी तिने बाटलीतलं पाणी शेबाच्या डोक्यावर ओतलं, मग सिपोराकडे वळली. "खलास. चपला घाल. नजीब गाडी काढतोय, पोरीला तिच्या बापाकडे न्यायची."

"गरज असेल तरच मोठ्या रस्त्यावर या म्हणून सरकारने सांगितलंय."

"मग ही काय हौस हाय?" नसीबा म्हणाली.

नसीबाचे नवरे नजीबभाई गाडी चालवत होते. हायवेवर गाड्या मोजक्या होत्या. मागच्या सीटवर शेबा काचेला नाक लावून आभाळ बघत होती. सिपोराने तिचा चेहरा दोनदा वळवला, दोन्ही वेळा तो परत काचेकडे गेला.

रूबेनला दहा मिनिटं मिळाली. हॉटेलच्या मागच्या गेटाशी स्टाफचा लांब बाक होता, वर पत्र्याची सावली. तो युनिफॉर्ममध्येच आला, दाढी वाढलेली. शेबाला त्याने घट्ट धरलं आणि तिच्या डोक्यावरून सिपोराला विचारलं, "काय झालं? फोनवर काही सांगेनास."

"घरी आलास की सांगते."

"रविवारी सोडतील म्हणतायत. इंशाल्ला."

शेबा त्याच्या मांडीवरून उतरून दोघांच्या मध्ये बसली. बोटाने एकेकाला शिवत मोजलं: वन, टू, थ्री. मग रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता, उन्हाने पाण्यासारखा हलत होता.

"कुणाची वाट बघतेस गं?" रूबेनने हसून विचारलं.

शेबा बापाच्या बाजूला थोडी सरकली आणि आई आणि आपल्यामध्ये एका माणसापुरती जागा केली. सिपोराच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिने तो काढला नाही. रस्त्याकडे बघत तीही बाकाच्या टोकाकडे सरकली.