बाभळीची मूठ

अंगणात मोटारीच्या गियरने पुन्हा किंकाळी फोडली आणि कोकिळेच्या हातातला दराब्याचा चमचा ताटलीच्या कडेवर आपटला. तो हलका, साखर-तुपाचा गोळा ताटलीऐवजी खाली पडला. रंभाबाईंनी लेकीकडे डोळे वटारले, फरशी पुसली आणि पदर नीट घे म्हणून खुणावलं. बाहेरच्या खोलीत खंडव्याची मंडळी येऊन बसली होती. मुलगी अजून त्यांच्यासमोर गेलीही नव्हती, पण नवरा मुलगा केव्हाच अंगणात जाऊन मोटारीत बसला होता.

"दात मोडून ठेवील मेला," कोकिळा म्हणाली.

"कोणाचे?" रंभाबाई दचकल्या.

"गियरचे."

मोटार दोन सीटांची, उघडी, लांब नाकाची होती. सातपुड्यापलीकडचं एक लहानसं संस्थान विलीन झालं, राजेसाहेबांना तनखा लागला आणि त्यांच्या गाड्या विकायला निघाल्या. कोकिळेचे वडील दिगंबरशेठ, बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या जिनाचे मालक, कापसाच्या सौद्यासाठी तिकडे गेले होते, ते ही घेऊनच परतले. दारावरचं राजचिन्ह कोणीतरी खरवडून काढलं होतं. गियरच्या दांड्यावरची हस्तिदंती मूठही कोणी पळवली होती. मग जिनातल्या सुताराने बाभळीच्या गाठीची एक मूठ करून बसवली. ती पक्की होती, पण तिची एक कड हाताला टोचायची.

शेठजींनी हौसेने मोटार आणली खरी, पण चालवणार कोण? मोठा मुलगा वसंत शिकायला बसला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने गियरपेटीतून लोखंडाचा चुरा काढला. त्याला वाटायचं, दांडा म्हणजे बैलाची वेसण, ओढला की आला. कोकिळा लहानपणापासून जिनाच्या लॉरीत निंबा ड्रायव्हरच्या शेजारी बसून कापूस आणायला जसोंडी गावाला जायची. तिने निंबाकडून सगळं ऐकलं होतं, पाहिलं होतं. एकदा जसोंडीच्या वाटेवर, चढावर, मोटार अडली. वसंत दांड्याशी कुस्ती खेळत होता आणि शेठजी चिडून लाल झाले होते. तेव्हा ती म्हणाली, सरक जरा. आणि तो सरकला.

त्या दिवसापासून मोटार तिच्या हाताची झाली. क्लच दाबायचा, दांडा मधे आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाला थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच, आणि मग नुसतं बोट लावल्यासारखं करायचं. ताक घुसळताना लोणी यायला लागलं की रवीवरच्या हाताला ते आधी कळतं, तसंच इथेही कळायचं. खाली पेटीत दोन दातेरी चाकं एका वेगाने फिरायला लागली की मूठ तळव्यात किंचित मऊ व्हायची. तेवढ्यात ढकलली की गियर आवाज न करता आत. तो क्षण चुकला तर सगळ्या बुऱ्हाणपुराला ऐकू जाईल अशी बोंब. कोकिळेला त्या क्षणाची चटकच लागली होती. घरात तिच्या हाताला इतकं ऐकणारं दुसरं काही नव्हतं.

पण हे शहराबाहेर. शहरात काय? शहरात मोटार वसंतच चालवणार. लालबागच्या घरातून निघताना वसंत चाकावर, शेठजी त्याच्या डाव्या बाजूला, आणि कोकिळा मागच्या बाजूची फळी उचलून डिकीतल्या बैठकीत, डोक्यावरून पदर घेऊन, पोत्यासारखी. जकात नाका ओलांडला, केळीच्या बागा लागल्या की वसंत उतरून डिकीत जायचा आणि ती पुढे यायची. येताना नाक्याअलीकडे पुन्हा अदलाबदल. वर्षभर हेच चाललं होतं. बुधवारा बाजारातले लोक वसंतला थांबवून विचारायचे, काय हो, राजाची मोटार कशी काय जमते तुम्हाला? आणि हा गाढव मिशीवरून हात फिरवायचा. मागे डिकीत बसून कोकिळा ते ऐकायची. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण बोलायचं कोणापाशी?

आणि आता ही मोटारच आंदणात द्यायचं ठरत होतं. दिगंबरशेठनी तसा निरोपच खंडव्याला धाडला होता. मुलगा लीलाधर वकील झालेला, घराणं मोठं, मागणं जबरदस्त. म्हणजे मोटार जाणार, कोकिळाही जाणार, आणि चाकावर तो बसणार. आयुष्यभर शेजारच्या सीटवर मांडीवर हात ठेवून ती किंकाळी ऐकायची. ते मनात आलं की कोकिळेच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"चल," रंभाबाई म्हणाल्या. "आणि चालवण्याचं एक अक्षर काढू नकोस. माहीत आहे ना?"

माहीत कसं नसेल? आत येऊन बसल्या बसल्याच लीलाधरचे वडील त्यांच्या गल्लीतल्या एका मास्तराच्या मुलीची गोष्ट सांगत होते. ती सायकल चालवते म्हणे. अशा पोरीला कोण सून करून घेईल, असं म्हणून ते हसले होते आणि दिगंबरशेठही त्यांच्याबरोबर हसले होते. कोकिळेने ते दाराआडून ऐकलं होतं. बाप हसला, हे तिला जास्त लागलं.

ती ताटल्या घेऊन बाहेर आली. लीलाधरची आत्या मालूबाई, पांढऱ्या लुगड्यातली, बारीक डोळ्यांची, तिनेच बघण्याचं काम अंगावर घेतलं होतं. चालून दाखव, केस दाखव, वाचून दाखव. कोकिळेने सगळं दाखवलं. मग मालूबाईने तिला जवळ बसवलं आणि दोन्ही हात हातात घेऊन तळवे उलटे केले. उजव्यावरून बोट फिरवलं, मान डोलावली. डाव्यावर बोट थांबलं. बोटांच्या मुळाशी, बाभळीच्या मुठीची कड जिथे बसायची तिथे, चिंचोक्याएवढा घट्टा होता.

"हा कशाचा हो?"

"जात्याचा," रंभाबाई चटकन म्हणाल्या. "घरचं दळण तीच करते. कामाला वाघीण आहे."

मालूबाईने पुन्हा उजवा तळवा पाहिला. तो मऊ होता. मग तिने भावाकडे पाहिलं.

"दळते डाव्या हाताने? मुलगी डावखुरी आहे का, शेठजी?"

डावखुरी सून म्हणजे देवाला नैवेद्य डाव्या हाताने, पंगतीत वाढणं डाव्या हाताने. खंडव्याच्या मोठ्या घराण्यात ते चालणार नव्हतं. आपण काय बोलून बसलो ते रंभाबाईंना आता कळलं. दिगंबरशेठ घसा खाकरत होते. नाही म्हणावं, तर मग हा घट्टा कशाचा? खरं सांगावं, तर सायकलवाल्या पोरीवर आत्ताच पोट धरून हसून झालं होतं.

कोकिळेला सुटका दिसत होती. विहिरीचा दोर दोन्ही हातांनी ओढते, डावा हात खाली असतो, असं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. बाप तिच्याकडे बघत होता. तेच म्हण, असं त्याचे डोळे जवळजवळ विनवत होते.

अंगणात लीलाधरने क्लच न दाबता दांडा रेटला. करर्र करत आवाज आला, थांबला, पुन्हा आला. वसंत शेजारून म्हणत होता, और जोर से, और जोर से, दांडा सख्त आहे थोडा.

कोकिळेने मावा जिलेबीची परात पुढे ओढली. डाव्या हाताने एक जिलेबी उचलली आणि मालूबाईच्या ताटलीत ठेवली.

"हो," ती म्हणाली. "डावखुरीच आहे मी. लहानपणापासून."

मालूबाईने जिलेबीला हात लावला नाही.

पुढचं फार लवकर उरकलं. कळवतो, असं म्हणून मंडळी उठली. कळवतो म्हणजे काय, ते लग्न जमवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. लीलाधर हात झटकत आत आला. गाडी छान आहे, गियर तेवढा अडतो, असं म्हणाला. आत्याने त्याला दाराकडे वळवलं, तेव्हा त्याने वळून एकदा मोटारीकडे पाहिलं. कोकिळेकडे बघायचं त्याला सुचलंच नाही.

टांगा वळणाआड गेला आणि दिगंबरशेठचा संताप फुटला. तोंडाला काळं फासलंस, असं स्थळ पुन्हा दारात येणार नाही, आता चारी बाजूंना बोभाटा होईल, पोरगी डावखुरी म्हणून. वसंत मधे मधे मान हलवत होता. रंभाबाई रडत होत्या. कोकिळा भिंतीशी उभी राहून सगळं ऐकत होती.

"खोटं का बोललीस?" शेठजी शेवटी म्हणाले.

"आई खोटं बोलली. तुम्ही वर्षभर खोटं बोलताय. हा वसंत तर मिशीला ताव देऊन खोटं बोलतो. मी बोलले तर तुमच्या पोटात दुखतं?"

शेठजींनी हात उगारला. तो हवेतच राहिला. मग ते माडीवर निघून गेले आणि जेवायलाही खाली आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जसोंडीला जायलाच हवं होतं. तिथल्या शेतकऱ्यांचा कापूस वेचून त्यांच्या घरात येऊन पडला होता, आणि शेठजी गेले नाहीत तर तो दुसऱ्याच जिनाच्या गाड्यांत चढला असता. शेठजी टोपी घालून अंगणात आले. वसंत आपला नेहमीसारखा चाकाकडे निघाला, आणि थांबला. चाकावर कोकिळा बसली होती. डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला. रस्त्यावर दूधवाला थांबून बघत होता. समोरच्या ओट्यावर दोघं-तिघं उभे राहिले होते.

"मागे जा," शेठजी दबक्या आवाजात म्हणाले.

ती हलली नाही. डावा हात मुठीवर होता, आणि तो तिने लपवलाही नाही.

"डिकीत आता वसंत बसेल. नाहीतर त्यालाच घेऊन जा जसोंडीला. चढावर बसा दोघं."

शेठजींनी वसंतकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या लोकांकडे पाहिलं. त्यांच्या गालाची शीर उडत होती. शेवटी त्यांनी डाव्या बाजूचं दार उघडलं, आत बसले आणि ते धाडकन ओढून घेतलं. समोर बघत, दात आवळून त्यांनी विचारलं:

"नाक्यावर कोणी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, पोरगी डावखुरी आहे," कोकिळा म्हणाली. "गियर डाव्याच हाताने टाकायचा असतो."

तिने क्लच दाबला. पहिला गियर आवाज न करता आत गेला, आणि मोटार लालबागच्या रस्त्याला लागली.