चौदा ऑक्टोबरची सवड

टायटसव्हिलच्या वेंडेल प्रुइटच्या घरात गेली चार वर्षं जेवताना कामाचा विषय काढायची बंदी होती. वेंडेल ऑस्प्रे कंपनीत अंतराळयानाचं दार बसवायचा आणि त्याची बायको लोरीन हेरॉन कंपनीत यानाची पॅराशूटं शिवायची. माणसं आधी कोण वर नेणार, यावरून दोन्ही कंपन्यांत चुरस लागलेली. दोघांनीही गुप्ततेच्या कागदावर सह्या केलेल्या. त्यामुळे घरात बोलणं व्हायचं ते बहुतेक हवापाण्याचं.

त्या रविवारी मुलगी मेरिली जेवायला आली. कोळंबी आणि मक्याच्या कण्या वाढून घेत म्हणाली, "लग्न चौदा ऑक्टोबरला. चर्चला तेवढा एकच शनिवार मोकळा आहे."

दोघांचे घास थांबले. दोन्ही कंपन्यांनी छाती ठोकून पेपरात दिलेली उड्डाणाची तारीख तीच होती.

"बाबा, मला हाताला धरून वेदीपर्यंत तूच नेणार ना? की कर्टिसमामाला सांगू?"

वेंडेलच्या कपाळावर आठी पडली. उड्डाणाच्या दिवशी दारवाल्याला सुट्टी नसते. पण गुरुवारच्या चाचणीत दारातून हवा गळली होती. नाताळाच्या आत काही ते धड होत नव्हतं. 'येतो' म्हटलं, तर समोरच्या बायकोला सगळं कळणार. 'नाही' म्हटलं, तर मुलीचा हात त्या बडबड्या मेव्हण्याच्या हातात.

"मामाला कशाला?" तो म्हणाला. "मला सवड आहे."

लोरीननं चमचा खाली ठेवला. "सवड? तुला? चौदाला?"

"हवा बिघडेल असं वाटतंय."

"अरे वा! दोन महिने आधीच कळलं?"

आता ही उद्या हेरॉनमध्ये पेढे वाटणार, असं मनात म्हणत वेंडेलनं मान खाली घातली. लोरीन बराच वेळ कण्या ढवळत बसली. मग मेरिलीला म्हणाली, "केकचं मी बघते गं. आदल्या दिवशीही घरीच आहे मी."

वेंडेलनं हळूच वर पाहिलं. "आदल्या दिवशीही?"

"शिवलेलं सगळं उसवायचं म्हणजे वेळ लागतोच." ती घाईनं म्हणाली, "पडद्यांचं बोलतेय मी."

मेरिली दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "म्हणजे चौदाला कुणीच उडत नाही?"

"असं कोण म्हणालं?" दोघं एकदमच ओरडले.

वेंडेलला हसता हसता ठसका लागला. त्याची पाठ थोपटत लोरीन म्हणाली, "हळू रे. दार नीट लागत नाही वाटतं?"

वेंडेलनं गुपचूप आणखी कण्या वाढून घेतल्या.