रितिकाच्या टेबलावरची माझी जागा

मित्रांनो, मी काट्याचा एक जुना मल्टिमीटर आहे. वीज कुठे पोहोचते आणि कुठे अडते, हे दाखवणं माझं काम. जरीपटका वस्तीत देवरावांच्या पंखे-मोटार दुरुस्तीच्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली.

देवरावांची मुलगी रितिका शाळेतून आली की माझ्या लाल-काळ्या वायरी हातात घ्यायची. काटा हलला की हसायची. पुढे तिने मला घरी नेऊन आपल्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवलं. ही इलेक्ट्रिकल इंजिनिअर होणार, असं देवराव गिऱ्हाइकांना सांगत.

अकरावीत लॅपटॉप आला आणि माझी रवानगी खिडकीत झाली. रितिका त्याच्यासमोर बसून प्रोग्राम लिही आणि तो चालला की हसे. ते हसू माझं होतं! मी नुसता जळत राही.

बारावीनंतर, शाखा निवडायच्या ऐन दिवसांत, लॅपटॉप बंद पडला. मला उकळ्या फुटल्या. रितिकाने माझ्या वायरी चार्जरला लावल्या. चार्जरमधून वीज येऊन काटा हलला असता, तर दोष लॅपटॉपचाच ठरला असता. मला तेच हवं होतं. पण काटा जागचा हलला नाही. लॅपटॉप धडधाकट होता, चार्जरचीच वायर आत तुटली होती. देवरावांनी ती जोडली आणि माझा वैरी पुन्हा उजळला.

लेकीने दोष बरोबर शोधला म्हणून देवराव खूश झाले. इलेक्ट्रिकलच घे, म्हणाले. माझीही आशा पालवली. पण रितिका म्हणाली, तिला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं आहे.

"काहून वं? माझ्या कामाची लाज वाटते तुले?"

"नाही बाबा. दुरुस्ती तुम्ही शिकवली मले. प्रोग्राम लिहायले मी एकटीच शिकली. ते माझं आहे."

देवरावांनी हातातला पाना पुसून ठेवला.

"मंग तेच घे, बेटा."

आता रोज सकाळी तिच्या बॅगेची चेन वाजते. लॅपटॉप कॉलेजला निघतो आणि कपाटात माझा जीव जळतो. तरी एक सांगतो. खिडकीतून मला इथे कपाटात ठेवताना रितिकाने माझं झाकण उघडलं, सेल बाहेर काढले, आतल्या पट्ट्या पुसल्या आणि मला मऊ फडक्यात गुंडाळलं.

मित्रांनो, नव्या वस्तूचं कौतुक जरूर करा. पण जुनी बाजूला ठेवताना तिच्या पोटातले सेल तेवढे काढून घ्या. आत विसरलेला सेल हळूहळू पाझरतो आणि चांगल्या वस्तूला आतून खाऊन टाकतो.