चिमट्याची जागा

बाबा घड्याळजी होते. ज्या हाताने पन्नास वर्षं मोहरीएवढे स्क्रू बसवले, त्या हाताला आता माउसवर दोनदा टिचकी मारणं जमेना. एक दिवस त्यांनी कॉम्प्युटरवर फडकं टाकलं आणि खिडकीत बसून राहिले. लेकीने ते पाहिलं. डोकं आधीच विसरायला लागलं होतं. हातही रिकामे राहिले तर बाबा किती दिवस आपले राहणार?

म्हणून ती रविवारी दुपारी येऊन, माउसशिवाय प्रोग्राम उघडायची सोय करायला ठाण मांडून बसली. प्रोग्रामच्या चित्रावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, शॉर्टकटच्या चौकटीत एक अक्षर, की झालं. तिने शहाणपणा करून रेडिओला आर दिला, बुद्धिबळाला सी. कंट्रोल, ऑल्ट आणि अक्षर एकदम दाबायचं. बाबांनी साफ नकार दिला. तीन-तीन बोटं कोण नाचवणार आणि अक्षरं कोण लक्षात ठेवणार? कामाच्या टेबलावर भिंग डावीकडे, तेलाची कुपी उजवीकडे, हे हाताला न बघता कळतं. तसंच हवं. त्यांचा हेकटपणा शाबूत आहे हे बघून तिला इतकं बरं वाटलं, की तिने सगळं पुसून कीबोर्डच्या सर्वांत वरच्या रांगेतल्या एकेका बटणावर पुन्हा लावलं. बुद्धिबळ डावीकडे, रेडिओ उजव्या टोकाला. बाबांनी तीनदा रेडिओ लावला आणि तिन्ही वेळा खुदकन हसले.

मग मधल्या बटणावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही चिमट्याची जागा. चिमटा हातापासून लांब ठेवायचा नसतो. इथे माझ्या मुलीला फोन लागेल असं करून द्याल का, बाई?"

तिने वर पाहिलं. ते अदबीने उत्तराची वाट बघत होते. मग तिने त्या बटणावर स्वतःचा नंबर घातला.

बाबांनी बटण दाबलं. तिच्या पर्समधला फोन वाजला. तो घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

"बोला, बाबा."

आवाज त्यांनी लगेच ओळखला. "अगं, इथे एक बाई आल्यात. फार जीव लावून शिकवतात. त्या जायच्या आत ये, ओळख करून देतो."

"येते, बाबा."

तिने फोन बंद केला. तोंडावर पाणी मारून बाहेर आली, तेव्हा बाबांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना," ते म्हणाले. "मुलगी येतेय माझी."