चहात बुडवलेल्या गाठी

गोविंदराव खालच्या दुकानातून दही घेऊन वर आले, तर जयमालाबाईंनी आतून कडी लावलेली होती. त्यांनी बेल वाजवली.

"कोण पाहिजे?" आतून आवाज आला.

"जया, मी आहे. दार उघड."

"घरात पुरुषमाणूस नाहीये. आमचे हे ऑफिसातून आले की या."

त्यांनी विनवण्या केल्या, मुलाचं नाव सांगितलं, स्वतःचं नाव सांगितलं. शेवटी आतून रडण्याचा आवाज यायला लागला, तेव्हा ते गप्प झाले. वॉचमन काशिफने न विचारता एक खुर्ची आणून दिली. दोन तासांनी सून पूर्णिमा ऑफिसातून धावत आली. तिचा आवाज ऐकून बाईंनी दार उघडलं आणि घाबऱ्या घाबऱ्या सांगितलं, "अगं, हे काका मघापासून दारात बसलेत. त्यांना जायला सांग ना."

आपल्या बायकोच्या तोंडून 'काका' ऐकून गोविंदरावांच्या हातातली पिशवी खाली पडली.

कतारमध्ये, दोहात, त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. एका कंत्राटदाराकडे ते नकाशे काढायचे. निवृत्तीनंतर दोघं तिथेच मुलाकडे राहिले. बाईंचं विसरणं आधी किल्ल्यांपासून सुरू झालं, मग भाज्यांची नावं गेली, आणि आता नवरा.

संध्याकाळी सागर समोर बसला. "बाबा, खलास. आता हे आपल्या हातात राहिलं नाही. नाशिकच्या केअर होमशी बोललोय मी. पुढच्या गुरुवारची तिकिटं आहेत. तुम्ही जवळच खोली घ्या, आठवड्यातून दोनदा भेटू देतात."

"दोनदा?"

"ती तुम्हाला ओळखत नाही, बाबा."



शनिवारी पूर्णिमा बॅगा भरायला बसली. कपाटाच्या तळाशी तिला सुती कापडांची एक घडी सापडली. तपकिरी रंगावर पांढरी वर्तुळं, कोळ्याच्या जाळ्यासारखी. "हे आईंनी केलंय?"

"हो," गोविंदराव म्हणाले आणि उठून उभेच राहिले.

पूर्वी त्यांच्या शेजारी हारुकोबाई म्हणून एक जपानी बाई राहायच्या. त्यांनी जयाला शिबोरी शिकवली होती. कापड चिमटीत धरायचं, दोऱ्याने घट्ट आवळत जायचं आणि रंगात बुडवायचं. जिथे दोरा, तिथे रंग पोचत नाही. निळीचा खटाटोप घरात नको म्हणून जया चहात रंगवायची. तेव्हा घरभर चहाचा वास असायचा आणि गोविंदराव चिडवायचे, "पाहुण्यांना चहा की धोतर?"

हात विसरत नाहीत, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. बुडत्याला तेवढी काडी पुरली. सागर-पूर्णिमा सामान आणायला बाहेर पडल्याबरोबर त्यांनी जुन्या चादरीचा तुकडा फाडला, तुरटीच्या पाण्यात भिजवला, मोठ्या पातेल्यात पाव किलो चहा पावडर उकळत ठेवली आणि स्वयंपाकघरातच टेबलाशी बसून दोरा गुंडाळायला घेतला. नकाशे काढणारी बोटं, पण दोरा सुटत होता. एक गाठ सुटली, दुसरी सुटली. डोळ्यांत पाणी आलं.

"असं नाही हो!"

जया दारात उभी होती.

"किती ढिलं बांधताय! रंग आत शिरेल ना. द्या इकडे."

ती शेजारी बसली. कापड चिमटीत उचललं, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि बोटं अशी भराभर फिरली की गोविंदराव नुसत्या गाठी मोजत राहिले. एक, दोन, पाच, नऊ. तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

"जया," त्यांनी हळूच हाक मारली.

तिने वर पाहिलं, ओळख नसलेल्या माणसाकडे पाहतात तसं. "तुम्हाला माझं नाव कसं माहीत, काका?"

"तुमच्या... तुमच्या यजमानांनी सांगितलं."

ती हसली. "ते ना? त्यांना काही कळत नाही यातलं. चेष्टा करतात. पण दरवेळी पहिलं कापड मी त्यांनाच दाखवते."

गोविंदरावांनी मान खाली घातली. त्यांना हुंदका आवरेना, म्हणून ते बेसिनशी जाऊन तोंडावर पाणी मारायला लागले. तेवढंच. नळ चालू असल्याने खुर्ची सरकल्याचा आवाज त्यांना आला नाही. आली ती किंकाळी.

जयाने कापड उकळत्या पातेल्यात टाकलं होतं, आणि ते वर तरंगतंय म्हणून हाताने दाबलं होतं.

त्यांनी तिचा हात थंड पाण्याखाली धरला. ती त्यांच्या छातीवर दुसऱ्या हाताने बुक्के मारत ओरडत होती, "सोडा! कोण तुम्ही? सोडा मला!" आणि ते तिला सोडत नव्हते. ओरडा ऐकून काशिफ वर आला, त्यानेच गाडी काढली.

हॉस्पिटलच्या बाकावर सागर बापावर पहिल्यांदा ओरडला. "काय सिद्ध करायचं होतं तुम्हाला?"

"मी पाठ फिरवली," एवढंच गोविंदराव म्हणाले. "चूक माझीच. मी पाठ फिरवली रे."

हात मनगटापर्यंत भाजला होता. डॉक्टरांनी तीन आठवडे प्रवास करू नका म्हणून सांगितलं. त्या तीन आठवड्यांत गोविंदराव जेवले न जेवले. बायको दिसली की ते भिंतीला चिकटून बाजूने जायचे. आपण जवळ गेलो की ती घाबरते आणि दूर राहिलो की आपण मरतो, असं त्यांना झालं होतं.

एका सकाळी त्यांनी वेगळंच केलं. इस्त्रीचा शर्ट घातला, घराबाहेर गेले आणि बेल वाजवली. दार पूर्णिमाने उघडलं. मागे जया सोफ्यावर होती.

"नमस्कार," गोविंदराव म्हणाले. "मी गोविंद. बाईंकडे शिबोरी शिकायला आलोय."

जयाने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "या वयात?"

"हो. फार उशीर केला मी."

"बसा मग. माझा हात दुखतोय, मी नुसतं सांगेन."

त्या दिवशी त्यांनी चार गाठी बांधल्या आणि तिने चारही सोडायला लावल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बेल वाजवली, पुन्हा नाव सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने उशी फेकून त्यांना हाकललं. ते जिन्यात जाऊन बसले, तासाभराने परत आले. चहा मात्र आता पूर्णिमाच उकळायची, आणि तो गार झाल्यावरच टेबलावर यायचा.

आठव्या दिवशी सागरने हे सगळं दारात उभं राहून पाहिलं. ऑफिसला जायची वेळ टळली तरी तो हलला नाही.

"सागर," गोविंदराव त्याला बाहेर घेऊन गेले. "त्या होममध्ये माझंही नाव घाल."

"बाबा, तुम्ही ठणठणीत आहात. तिथे तुम्ही..."

"तिला नवरा नकोय, मला कळलंय ते. पण शिकायला येणारा माणूस तिला चालतो. कधीकधी." त्यांनी सागरचा हात धरला. "तेवढं तरी घेऊ नकोस माझ्याकडून."

सागरने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

विमानात जयमालाबाई खिडकीशी बसल्या. हाताची पट्टी निघाली होती, कातडी अजून गुलाबी होती. विमान वर चढलं तशा त्या घाबरल्या आणि शेजारच्या माणसाची बाही त्यांनी घट्ट धरली.

"तुम्ही कुठे चाललात, काका?"

"नाशिकला. तुमच्याकडे शिकायला."

त्यांनी त्याचा हात उचलून नीट पाहिला.

"मग आधी नखं कापा," त्या म्हणाल्या. "दोरा अडकतो."